सल्लागाराचा परदेशातला दिवस आणि आपले कलम २१

दरवर्षी १४ एप्रिल किंवा २६ नोव्हेंबर जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट हमखास फिरू लागते. संविधान बाबासाहेबांनी लिहिलेच नाही, ते बी. एन. राव यांनी लिहिले, असा तिचा मजकूर असतो. आपली पोरे चिडतात. कुणी शिवीगाळ करतो, कुणी 'हा राव कोण?' म्हणून हसण्यावारी नेतो. दोन्ही उत्तरे कमी पडतात. राव होते, त्यांनी कामही केले आणि ते मोठे होते. ते काम नेमके काय होते हे समजून घेतले, तर या पोस्टला आरडाओरडा न करता उत्तर देता येते. शिवाय आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची एक गोष्ट हाती लागते. पोलीस आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराला उचलून नेतात, तेव्हा त्याच्या मदतीला येणारे कलम २१ आणि कलम २२ आज जसे आहे तसे का आहे, हे कळते.

त्यासाठी आपण रावांच्या १९४७ च्या परदेश दौऱ्याकडे पाहू.

राव कोण होते?

बेनेगल नरसिंह राव यांचा जन्म १८८७ साली मंगळूरला झाला. ते आयसीएस अधिकारी होते, पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९४६ मध्ये त्यांची संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. हे काम त्यांनी मानद म्हणून, पगार न घेता केले. ते संविधान सभेचे सदस्य नव्हते. त्यांना सभागृहात भाषण करायचे नव्हते, मत द्यायचे नव्हते आणि कुठल्याही समाजाला उत्तर द्यायचे नव्हते. जगातल्या राज्यघटना वाचणे, टिपणे काढणे, समित्यांनी घेतलेले निर्णय कलमांच्या भाषेत बसवणे, हे त्यांचे काम. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी एक कच्चा मसुदा तयार केला. त्यात २४३ कलमे आणि १३ परिशिष्टे होती.

त्याच वर्षी शेजारच्या ब्रह्मदेशाची राज्यघटना तयार होत होती. तिच्या मसुद्यालाही रावांनी हातभार लावला. ब्रह्मदेशाचे स्वतःचे घटनात्मक सल्लागार होते ऊ चान टून. हेच पुढे जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे अध्यक्ष झाले. म्हणजे अशा सल्लागारांची देशादेशांत ये-जा आणि कागदांची देवाणघेवाण ही त्या काळातली नेहमीची बाब होती. नव्याने स्वतंत्र होणारे देश घाईत घटना लिहीत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा अनुभव हवा होता.

परदेशात सल्लागार काय करतो?

ऑक्टोबर ते डिसेंबर १९४७ या काळात राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंड या देशांत फिरले. दिल्लीत २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली होती, ३० ऑगस्टला बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून समितीने रावांचा कच्चा मसुदा कलमवार तपासायला घेतला होता. इकडे समिती बसलेली आणि तिकडे सल्लागार तोच मसुदा घेऊन परदेशातल्या जाणकारांना भेटतो आहे, असे एकाच वेळी चालले होते.

अशा सल्लागाराच्या कामाच्या दिवसाला समारंभाची शोभा नसते. आपल्या मसुद्यातली अडचणीची कलमे समोरच्यापुढे ठेवायची. तुमच्याकडे अशी तरतूद आहे, ती प्रत्यक्षात कशी चालली, तुम्हाला आज पुन्हा लिहायची संधी मिळाली तर काय बदलाल, असे प्रश्न विचारायचे. उत्तरे टिपून घ्यायची आणि त्यांचा अहवाल संविधान सभेच्या अध्यक्षांना, म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसाद यांना पाठवायचा. रावांनी हेच केले. अमेरिकेत ते अध्यक्ष ट्रुमन यांना, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आणि लर्नेड हँड या नावाजलेल्या न्यायाधीशांना भेटले. आयर्लंडमध्ये डी व्हॅलेरा यांना भेटले. आपली मार्गदर्शक तत्त्वे आयरिश घटनेवरून घेतली आहेत, हे आपण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचतोच.

या सगळ्या भेटींत एक भेट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची ठरली. ती होती न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी.

एका शब्दावरची चर्चा

रावांच्या कच्च्या मसुद्यात असे कलम होते की, 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' शिवाय कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही. हा शब्दप्रयोग अमेरिकन घटनेतला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा : सरकारने केलेला कायदा असणे एवढेच पुरेसे नाही, तो कायदा आणि त्यातली पद्धत न्याय्य आहे की नाही हेही न्यायालय तपासू शकते.

फ्रँकफर्टर यांचे मत याच्या विरुद्ध होते. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा कायदा मूठभर न्यायाधीशांनी रद्द करावा, हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायव्यवस्थेवर त्याचा भलताच भार पडतो, असे त्यांनी रावांना सांगितले. रावांनी ते अहवालात नोंदवले. या शब्दाबद्दल त्यांच्या मनात आधीपासूनच शंका होती, तिला आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातूनच दुजोरा मिळाला.

आता आपल्यातले काही जण लगेच म्हणतील की फ्रँकफर्टर प्रतिगामी असतील. तसे नव्हते. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन १९२० मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या भीतीला कारण होते. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधला एक कामगार कायदा रद्द केला होता. बेकरी कामगारांना दिवसाला दहा तास आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढेच तो कायदा सांगत होता. मालक आणि कामगार यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे न्यायालय म्हणाले आणि आधार घेतला ड्यू प्रोसेसचा. १९२३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या स्त्री कामगारांच्या किमान वेतनाचा कायदाही असाच गेला. त्या खटल्यात कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते स्वतः फ्रँकफर्टर. ते हरले होते. न्यायालयाने आपली भूमिका बदलायला १९३७ साल उजाडले.

म्हणजे हा माणूस आपला अनुभव सांगत होता. भारतातही तेव्हा जमीनदारी नष्ट करण्याचे आणि कुळांना संरक्षण देण्याचे कायदे येऊ घातले होते. जमीनदारांनी ड्यू प्रोसेसचा आधार घेऊन ते अडवले असते, ही भीती खोटी नव्हती.

त्याच शब्दाची दुसरी बाजू

पण या शब्दाला दुसरी बाजूही होती.

१९३१ मध्ये अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून घाईघाईने खटला उरकण्यात आला. आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांना धड वकीलही मिळाला नव्हता. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या. वकिलाशिवाय असा खटला चालवणे म्हणजे ड्यू प्रोसेसचा भंग, असे न्यायालय म्हणाले. १९३६ मध्ये मिसिसिपीतला खटला आला. तीन कृष्णवर्णीय शेतमजुरांना फटके मारून त्यांच्याकडून खुनाचा कबुलीजबाब घेतला होता. न्यायालयाने तोही ड्यू प्रोसेसच्याच आधारे फेकून दिला.

मालकाच्या हातात या शब्दाचे ढाल-हत्यार होते, हे खरे. पण ज्याला ना पैसा, ना ओळख, ना ज्यूरीत आपला माणूस, त्या आरोपीसाठीही हाच शब्द ढाल ठरला होता. रावांच्या दौऱ्यातून दिल्लीत ठळकपणे पोहोचली ती पहिली बाजू.

असे का झाले? समाजशास्त्राचा एक साधा प्रश्न इथे विचारावा लागतो : सल्लागार कोणाला भेटतो? राव अध्यक्षांना, न्यायाधीशांना, घटनातज्ज्ञांना भेटले. त्यांच्या पदाला ते साजेसेच होते. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, न्यायाधीशांना किती अधिकार द्यावेत? त्याच वॉशिंग्टनमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याच ऑक्टोबरच्या २३ तारखेला कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे आपल्या हक्कांची कैफियत सादर केली होती. ती ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस आपल्याला परके नाहीत. आदल्याच वर्षी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून अशाच एका निवेदनाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती यांतले साम्य त्या पत्रात आहे. द्यु बॉइस यांनी उत्तरही दिले होते.

अमेरिकेतून बाबासाहेबांनाही काही घ्यायचे होते, रावांनाही घ्यायचे होते. दोघांनी दार ठोठावले ते वेगवेगळ्या घरांचे.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत ड्यू प्रोसेसचे कलम स्पष्टपणे आहे. म्हणजे स्वतःच्या हाताने, कुठल्याही समितीच्या बंधनाशिवाय लिहिताना बाबासाहेबांनी तो शब्द निवडला होता.

दिल्लीत काय झाले?

१९४७ च्या ऑक्टोबरअखेर मसुदा समितीने ड्यू प्रोसेस हा शब्द कायम ठेवला. फक्त 'स्वातंत्र्य' या शब्दामागे 'व्यक्तिगत' हा शब्द घातला. त्याला अर्थ होता. बेकरीच्या खटल्यासारखे 'करार करण्याचे स्वातंत्र्य' या कलमात घुसू नये म्हणून ही वाट बंद केली. मालमत्ता तर या कलमात नव्हतीच. फ्रँकफर्टर यांच्या भीतीचे बरेचसे उत्तर इथेच मिळाले होते, असे आम्हाला वाटते.

तरीही राव परतल्यानंतर, १९४८ च्या जानेवारीत, समितीने शब्द बदलला. 'ड्यू प्रोसेस' गेला आणि 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. हा शब्द अधिक नेमका आहे, असे कारण दिले गेले आणि आधार दाखवला जपानच्या १९४६ च्या घटनेतल्या कलम ३१ चा. गंमत अशी की जपानच्या त्या घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४६ मध्ये टोकियोत बसलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी जेमतेम दहा दिवसांत तयार केला होता. तेही एका परीने परदेशात घटना लिहिणारे सल्लागारच, फक्त त्यांच्यामागे जिंकलेले सैन्य होते.

जपानच्या घटनेत कलम ३१ एकटे नाही. पुढच्या कलमांत अटकेचे कारण सांगणे, वकील मिळणे, विनावॉरंट झडती न होणे, छळाला बंदी, जलद खटला अशी रांगच आहे. आपण तिच्यातले एकच वाक्य उचलले आणि बाकीची रांग तिथेच राहिली.

फरक काय पडला? समजा उद्या कायदा झाला की पोलीस कोणालाही कारण न सांगता वर्षभर कोठडीत ठेवू शकतात. ड्यू प्रोसेस असेल तर न्यायालय विचारील, हा कायदा न्याय्य आहे का? 'प्रस्थापित कार्यपद्धती' असेल तर न्यायालय एवढेच विचारील, असा कायदा आहे का आणि पोलिसांनी तो पाळला का?

डिसेंबर १९४८ मध्ये सभागृहात यावर मोठी चर्चा झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांच्यासह अनेक सदस्यांनी ड्यू प्रोसेस परत आणण्याचा आग्रह धरला. मसुदा समितीतच मतभेद होते. मुन्शी ड्यू प्रोसेसच्या बाजूचे, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध बाजूचे. १३ डिसेंबरला बाबासाहेबांनी दोन्ही धोके सभागृहापुढे ठेवले. पक्षाच्या बहुमतावर चालणारे विधिमंडळ लोकांचे हक्क तुडवू शकते आणि पाच-सहा न्यायाधीश स्वतःच्या आवडीनिवडीनुसार कायदे मोडीत काढू शकतात. दोन्ही बाजूंना खडक आहेत, निर्णय सभागृहाने घ्यावा, असे ते म्हणाले. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

कलम २२ : बाबासाहेबांनी केलेली भरपाई

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवे कलम मांडले. मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता, आज ते कलम २२ आहे. आधीच्या कलमात जे राहिले त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे ते सभागृहात बोलले. अटक झालेल्याला कारण सांगितलेच पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. या गोष्टी साध्या कायद्यात होत्याच. पण साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. त्या मूलभूत हक्कांत घातल्यामुळे कुठल्याही विधिमंडळाला त्या सहज पुसता येईनात.

याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली, हेही सांगितले पाहिजे. तिच्यावर तीन महिन्यांची मर्यादा आणि सल्लागार मंडळाची अट घातली, पण ती राहिली. आजही महाराष्ट्रात एमपीडीए कायद्याखाली पोरांना स्थानबद्ध करतात, ते याच फटीतून.

भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले. विनयात वाद मिटवण्याच्या सात पद्धती आहेत, त्यांतली पहिली 'सम्मुखाविनय'. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हजर असल्याशिवाय त्याच्याविरुद्ध संघाला निर्णय घेता येत नाही. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे समोर आणा, हा नियम वाचताना आम्हाला त्याची आठवण होते.

पुढे काय झाले?

१९५० मध्येच ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ चा अरुंद अर्थ लावला : कायदा आहे, पाळला आहे, संपले. न्यायमूर्ती फझल अली यांचे मत वेगळे पडले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, न्यायालय त्याहून खाली गेले. स्थानबद्ध माणसाला दादच मागता येणार नाही, असा निकाल आला आणि न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने सांगितले की कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. १९४८ च्या जानेवारीत गेलेला शब्द अर्थाने परत यायला तीस वर्षे लागली.

अमेरिकेतली गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. आधार होता ड्यू प्रोसेसचा. निकाल एकमताने होता आणि त्या न्यायाधीशांत फ्रँकफर्टर होते.

मग आपण काय घ्यायचे?

पहिले, त्या पोस्टचे उत्तर. राव यांनी कच्चा मसुदा केला, हे लपवायचे कारण नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनीच भर सभागृहात रावांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले आहे. पण २४३ कलमांचा तो कच्चा मसुदा ३९५ कलमांपर्यंत गेला. मांडल्या गेलेल्या २,४७३ दुरुस्त्यांचा विचार सभागृहात झाला आणि प्रत्येक शब्दासाठी उत्तर द्यायला तिथे उभे राहिले ते बाबासाहेब. सल्लागार सल्ला देतो. फ्रँकफर्टर यांनी रावांना असेही सुचवले होते की सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळी खंडपीठे न करता सर्व न्यायाधीशांनी मिळून बसावे. तो सल्ला आपण घेतला नाही. ड्यू प्रोसेसबद्दलचा घेतला. दोन्हींची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांची.

दुसरे, तज्ज्ञाचे नाव ऐकून दबून जाऊ नये. आजही आपल्या वस्तीच्या पुनर्विकासासाठी, शिष्यवृत्तीच्या नियमांसाठी समित्या आणि सल्लागार नेमले जातात. त्यांची विद्वत्ता खरी असते, हेतूही चांगला असू शकतो. आपण विचारायचे ते एवढेच : तुम्ही कोणाकोणाला भेटलात? ज्यांच्यावर हे लागू होणार त्यांच्यातले किती जण त्यात होते?

तिसरे आणि सर्वांत निकडीचे. देशातल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा अनुसूचित जातींचा तुरुंगातला वाटा जास्त आहे. म्हणून आमच्या शिबिरांत आम्ही कलम २२ पाठ करून घेतो. पोलीस ठाण्यात गेल्यावर आवाज न चढवता विचारायचे : अटक किती वाजता केली? अटक पंचनाम्यावर ती वेळ लिहिली आहे का? कारण लेखी दिले का? नातेवाइकांना कळवले का? वकील कोण? चोवीस तास कधी संपतात? २०२३ आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे पीएमएलए आणि यूएपीए या कायद्यांखालच्या अटकेतही कारणे लेखी द्यावी लागतील असे सांगितले, तेही याच कलमाच्या जोरावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७ मध्ये कारण सांगण्याची आणि कलम ५८ मध्ये चोवीस तासांची तरतूद आहे.

हे आकडे मोबाइलमध्ये जतन करून ठेवा. आपल्या विहारात पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास काढा आणि कलम २२ मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर ते १५ सप्टेंबर १९४९ ला कोणी मांडले आणि का मांडले, हेही पोरांना सांगा.

जय भीम.